काळ्या अस्वलासमोर आडवं पडू नये

१७ मार्च २०२०, मंगळवार. फेल्डहोवन, नेदरलँड्स

काम मिळालं! तीन वर्षांनी. आणि तेही अशा मुहूर्तावर की कालपासून प्रांजलीची शाळा बंद, अनिमेषचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, आणि तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई आता किती महिने राहणार ते विमान कंपनीलाही ठाऊक नाही.

काम रविराजने दिलं. हा मूळचा सांगलीचा, आता इथेच, कापेल गावात असतो. वेबसाइटवाल्यांना लेख पुरवायचा त्याचा धंदा आहे. "वहिनी, कॅनडाचा क्लायंट आहे. शिकारीचं सामान विकतात. ब्लॅक बेअरच्या शिकारीवर बारा लेख हवेत, एकदम प्रॅक्टिकल टिप्स. तुम्ही मॅन्युअल्स लिहायचात ना पुण्यात? तसंच."

मी अकरा वर्षं पाण्याच्या पंपांची माहितीपुस्तकं लिहिली. पंप आणि अस्वल यांच्यात फरक एवढाच की पंप उघडून बघता येतो. मी हो म्हणाले.

लेखांवर माझं नाव नाही. 'ओल्ड हँक' म्हणून एक म्हातारा शिकारी आहे, चाळीस वर्षं जंगलात काढलेला. म्हणजे असा कोणी नाहीच, आता तो मी आहे. हे बाहेर सांगणार नाही अशा कागदावर सहीसुद्धा केली.

अनिमेष हसता हसता खोकायला लागला आणि मग घाईघाईने म्हणाला, हा हसण्याचाच खोकला आहे. आमच्या ब्राबांत प्रांतात कोरोना आल्यापासून असा खुलासा करावा लागतो. "तू आणि शिकार? झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतेस."

चढते. हँक नाही चढत.

सासूबाईंना 'प्राण्यांची माहिती लिहिते' एवढंच सांगितलंय. त्या चातुर्मासात कांदासुद्धा खात नाहीत, त्यांना बंदुकीची गोळी कशाला सांगा!

२१ मार्च, शनिवार

या देशाचं काही सांगता येत नाही. संडासाच्या कागदासाठी दुकानात झुंबड, आणि त्याच लोकांनी घरोघरी खिडकीत टेडी बेअर बसवलेत. कोंडून पडलेल्या पोरांनी आईबापांचा हात धरून फिरायचं आणि खिडक्यांतली अस्वलं मोजायची. याला बेरेनयाख्त म्हणतात. अस्वलांची शिकार!

प्रांजली सायकलवर पुढे, मी मागे. "मामा, कैक! नोख एन!" म्हणजे आई, बघ, आणखी एक. सत्तेचाळीस झाली. मी मराठीत विचारते, ती डच भाषेत उत्तर देते, अस्वलं मात्र दोघींना कळतात.

घरी येऊन पहिला लेख लिहिला. वारा. अस्वलाला दिसतं बेताचं, पण नाक असं की आपण काल काय खाल्लं ते त्याला आज कळतं. म्हणून वारा अस्वलाकडून आपल्याकडे यायला हवा. प्रत्येक वाक्य तीन ठिकाणी पडताळलं. पंपाच्या पुस्तकातही मी तसंच करायचे. तिथे अकरा वर्षांत माझी एकही चूक छापून आली नाही, हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.

सासूबाईंनी आज अचानक आपली खुर्ची खिडकीशी हलवली. म्हणाल्या, "फोडणीचा वास इकडून तिकडे जातो, तेव्हा इथे बसलेलं बरं." इतके दिवस कुठेही बसायच्या.

२६ मार्च, गुरुवार

चौथा लेख: अस्वल लहान की मोठं ते कसं ओळखावं? कान बघावेत. डोक्याच्या मानाने कान मोठे दिसले तर पिल्लू, ते सोडून द्यावं. कान बारके, दूरदूर आणि बाजूला गेलेले दिसले तर अस्वल जाणतं. आणि मादीच्या मागे पिल्लं आहेत का हे बघायला थांबावं. पिल्लं नेहमी उशिरा येतात. जो थांबत नाही तो शिकारी नव्हे, तो खाटीक. हे शेवटचं वाक्य मी माझ्या पदरचं घातलं. रविराजने ते काढायला सांगितलं. मी काढलं नाही. मग त्याने 'वाचकांना आवडलंय' असं कळवलं. आवडणारच!

जेवताना सासूबाई अनिमेषकडे टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "तुझे कान किती बारके दिसायला लागलेत रे. जाणता झालास."

चौतीस वर्षं साताऱ्यात गणित शिकवलेली बाई. कुठून काय काढतात कोण जाणे.

२ एप्रिल, गुरुवार

सातवा लेख, सगळ्यात सोपा. अस्वल अंगावर आलं तर?

बंदुकीचं, आमिषाचं, मचाणाचं मला काही माहीत नव्हतं, म्हणून शोधत बसावं लागलं. पण हे तर पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. शेजारच्या खोलीत सासूबाई प्रांजलीला तीच गोष्ट सांगत होत्या. दोन मित्र, समोरून अस्वल. एक झाडावर चढला. दुसरा जमिनीवर आडवा पडला, श्वास रोखून मेल्याचं सोंग घेतलं. अस्वल आलं, हुंगलं, निघून गेलं.

अर्ध्या तासात लेख झाला. चौकटीत ठळक अक्षरांत: पळू नका. पालथे पडा, श्वास रोखा, हलू नका. किंवा जवळच्या झाडावर चढा. पंपाच्या पुस्तकातली धोक्याची चौकट मी अशीच लिहायचे, छोटी वाक्यं, शंकेला जागा नाही.

त्यात सासूबाईंनी केलेला साबुदाणावडा. असा दिवस रोज यावा.

१३ एप्रिल, सोमवार

वाचकांची पत्रं लेखांखाली येतात. ती रविराज मला पाठवतो, मी हँकच्या वतीने उत्तर लिहिते, तो ते तपासून वेबसाइटवर चढवतो.

डोरोथी नावाच्या बाईंचं पत्र आलंय. वय त्रेसष्ट. नवरा वॉल्टर मार्चमध्ये गेला, याच रोगाने. दवाखान्यात त्यांना आत सोडलं नाही. पार्किंगमधून खिडकी बघत होत्या. चाळीस वर्षं वॉल्टर अस्वल मारून आणायचा आणि त्या रांधायच्या. या वर्षी त्यांनी स्वतःचा परवाना काढला. एक मेला हंगाम सुरू होईल, तेव्हा त्या एकट्या जाणार, त्याच्याच मचाणावर बसणार. मुलगा नको म्हणतो, पाद्री नको म्हणतो. "हँक, तूच एक असा आहेस जो 'जाऊ नकोस' म्हणत नाही. तू फक्त कसं जायचं ते सांगतोस."

मी तीनदा वाचलं. मग उत्तर लिहिलं: चार तास हलायचं नाही ही सवय आत्तापासून अंगणात बसून कर. पाणी जवळ ठेव. आमिषाचे ओट्स गावातच घे.

त्यांनी लगेच कळवलं की मॅकिनन यांच्या पशुखाद्याच्या दुकानातून त्या दर गुरुवारी ओट्स घेतात. आणि सातवा लेख छापून स्वयंपाकघरात चिकटवलाय. चौकट पाठ झाली.

अनिमेष म्हणाला, "काय हँकराव, चाहते?" टोमणाच तो. याला माझ्या कामाचं काही पडलेलं नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

नववा लेख अर्धवट सोडलाय.

नवव्या लेखासाठी तिकडच्या सरकारचं एक पत्रक उघडलं होतं, मांस थंड कसं करावं म्हणून. तिसऱ्या पानावर चौकट. काळ्या अस्वलासमोर कधीही मेल्याचं सोंग घेऊ नका. उभे राहा. हात वर करा, मोठे दिसा, ओरडा, डबे वाजवा. हल्ला झालाच तर मिळेल त्या वस्तूने नाकावर मारा. झाडावर चढू नका, कारण काळं अस्वल तुमच्यापेक्षा चांगलं चढतं.

आणखी तीन ठिकाणी बघितलं. चौथ्या, पाचव्या. सगळीकडे तेच.

गोष्टीतले दोन्ही मित्र मेले असते.

जे माहीत नव्हतं ते सगळं तीन तीनदा पडताळलं, आणि जे लहानपणापासून माहीत होतं तेवढंच तसंच लिहिलं. तेही धोक्याच्या चौकटीत. आणि ती चौकट एका बाईंच्या स्वयंपाकघरात चिकटवलेली आहे.

२२ एप्रिल, बुधवार

रविराजला सकाळी साडेआठलाच फोन केला.

"वहिनी, टेन्शन नका घेऊ. असं अंगावर येतं किती वेळा? दहा वर्षांत एखादं."

"एकदाच पुरतं. लेख काढ."

"काढणार कसा? क्लायंटची वेब टीम घरी बसवलीय. आणि तो सात नंबर सर्चमध्ये टॉपला आहे. मे एंडला बघू ना."

"हंगाम एक मेला आहे. मग हँकच्या नावाने दोन ओळी टाक, माझं चुकलं म्हणून. तेवढं तर तुझ्या हातात आहे."

"हँकचं कसं चुकेल? चाळीस वर्षांचा अनुभव हाच तर त्याचा यूएसपी आहे."

माझ्या तोंडातून जे निघालं ते लिहीत नाही. ही वही प्रांजली कधीतरी वाचेल.

अनिमेष म्हणाला, "सही केलीयस संहिता, एनडीए आहे. जरा शांतपणे विचार कर." मी म्हटलं, शांतपणे विचार करायला ती बाई तरी पाहिजे ना शिल्लक!

२४ एप्रिल, शुक्रवार

मीच वाचक झाले. लेखाखाली साधी सूचना टाकली, सरकारी पत्रकाचा पत्ता दिला. नाव 'एस, नेदरलँड्स'.

तासाभरात हँकचे तीन भक्त अंगावर आले. एक म्हणे, नेदरलँड्समध्ये अस्वलं कधीपासून? दुसरा म्हणे, बाई, हँकला शिकवण्याआधी एक तरी अस्वल बघून या. तिसऱ्याने नुसतं हसण्याचं चित्र टाकलं. आणि चौथी डोरोथी. अगदी सभ्यपणे लिहिलंय: "तुमचा हेतू चांगला असेल, पण पत्रकं ऑफिसात बसलेले लोक लिहितात. माझा हँकवर विश्वास आहे."

आपलेच दात, आपलेच ओठ. एवढा पक्का माणूस उभा केला मी, की आता तो माझंच ऐकत नाही!

भांडी घासताना रडू आलं. सासूबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्या डोरोथीचं कळलं का काही?"

माझ्या हातातून तवा निसटला. "आई, तुम्हाला कसं..."

"तू लॅपटॉप उघडा टाकून आंघोळीला जातेस. इंग्रजी मला येतं हो." मग जरा थांबून, "वाऱ्याचं बरं लिहिलंयस."

मी सगळं सांगितलं. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांची गोष्ट चुकीची होती हे ऐकून चेहरा उतरला. "पन्नास वर्षं सांगतेय ही गोष्ट. किती पोरांना सांगितली असेल." कढईतलं तेल गाळून ठेवलं. मग त्यांचा शाळेतला आवाज लागला.

"फळ्यावर केलेली चूक फळ्यावरच पुसायची असते. आणि ज्याने केली त्यानेच. मी कित्येकदा पुसलीय, पोरांसमोर. काही वाटून घ्यायचं नसतं."

"पण हँक चुकू शकत नाही, आई."

"हँक गेला खड्ड्यात. तू आहेस ना?"

२८ एप्रिल, मंगळवार

काल राजाचा वाढदिवस, सगळा देश नारिंगी कपडे घालून घरात बसला होता. मी मॅकिनन यांच्या दुकानाचा नंबर शोधत होते. सापडला.

आज दुपारी तीनला, म्हणजे त्यांच्या सकाळी नऊला, फोन लावला. सासूबाई समोर खुर्ची घेऊन बसल्या. एका पुरुषाने उचलला. मी म्हटलं, "डोरोथीबाई गुरुवारी तुमच्याकडे ओट्स न्यायला येतात. त्यांच्यासाठी निरोप आहे. मी हँक."

पलीकडून, "हँक तर पुरुष आहे ना?"

"नाही."

"मला सांगा, मी सांगतो त्यांना."

"नाही. चूक माझी आहे, मीच सांगणार. माझा नंबर तेवढा द्या. आणि त्या विसरल्या तर मी रोज फोन करीन, उचलला नाहीत तरी करीन."

तो हसला. सगळे आकडे परत वाचून दाखवले.

३० एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी पाचला फोन वाजला. अनिमेषला नेमकं त्याच वेळी प्रांजलीला सायकलवर न्यायचं सुचलं. एक महत्त्वाची मीटिंग सोडून! असा हा माणूस, अडीनडीला कधी घरात म्हणून नसतो.

डोरोथीचा आवाज जाड आणि थकलेला. "कोण आहात तुम्ही?"

सगळं सांगितलं. नाव संहिता, गाव पुणे, सध्या नेदरलँड्स. पंपांची पुस्तकं लिहायचे. अस्वल फक्त प्राणिसंग्रहालयात पाहिलंय, तेही झोपलेलं. हँक म्हणजे मी. सातव्या लेखातली चौकट चूक आहे. लहान मुलांच्या गोष्टीतून उचलली.

"म्हणजे मी पाच आठवडे एका..."

"हो."

"आणि मी कशावरून विश्वास ठेवू की तूच हँक?"

मी अजून न छापलेला आठवा लेख वाचून दाखवला. मचाणावरून उतरताना बंदूक कधी हातात घेऊन उतरायचं नाही. आधी रिकामी करायची, दोरीने खाली सोडायची, मग आपण उतरायचं. भाषा ओळखीची वाटते का बघा, म्हटलं.

"बाकीचे लेख?"

"बाकीचं प्रत्येक वाक्य तीनदा पडताळलंय. हे एकच नाही."

"माझा वॉल्टर मेला," त्या म्हणाल्या, "आणि मी कोणाचं तरी ऐकायचं म्हणून हँकचं ऐकलं. तोही मेला." आणि ठेवून दिला फोन.

वाईट वाटलं, पण परत करायची वेळ आली तर परत करीन. सासूबाईंनी न विचारता चहा ठेवला. उपास होता, आणि उपासाला त्या चहाही घेत नाहीत, तरी माझ्याबरोबर स्वतःही घेतला.

१ मे, शुक्रवार

रविराजची मेल. डोरोथीने काल रात्री सातव्या लेखाखाली लिहिलंय: "मी स्वतः हँकशी फोनवर बोलले. ही चौकट चुकली आहे असं तो म्हणतो. आडवं पडू नका. उभं राहा आणि ओरडा." खाली छत्तीस जणांनी हँकची वाहवा केलीय. चूक कबूल करणारा पहिला शिकारी म्हणे.

मी करार मोडला म्हणून काम बंद. उरलेले लेख दुसरा कोणी लिहील. मी एका ओळीत उत्तर पाठवलं: जो कोणी हँक होईल, त्याला पडताळून लिहायला सांग.

अनिमेषने मेल वाचली. म्हणाला, "छत्तीस?" आणि एकेक नाव मोजून पाहिलं. मग म्हणाला, "पुढचे लेख तू तुझ्या नावाने का नाही लिहीत?" चेष्टा करत होता की काय, कळलं नाही.

डोरोथी आज मचाणावर बसली असेल. किंवा माझ्यावरचा विश्वास उडाला म्हणून नसेलही. आणि रागाच्या भरात जुनीच चौकट खरी धरली असेल तर? नाही, तिने लिहिलंय ना, उभं राहा म्हणून. तरी दिवसभर दोन वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. ऐकावे जनाचे, करावे मनाचे हे खरं, पण करून झाल्यावर काय करावे ते कोणी सांगत नाही.

९ मे, शनिवार

डोरोथीचा फोन आला. आज तिने 'हॅलो' न म्हणता सुरुवात केली.

मंगळवारी, पाचव्या दिवशी, चार तास बसून काहीच आलं नाही. उजेड कमी व्हायला लागला. तिने बंदूक रिकामी केली, दोरीने खाली सोडली, मग स्वतः उतरली. दोरीची गाठ सोडायला वाकली आणि मागे काटकी मोडली. दहा पावलांवर अस्वल. कान बारके, दूरदूर. बंदूक रिकामी, पायाशी, दोरीत गुरफटलेली.

"गुडघे आपोआप वाकायला लागले होते," ती म्हणाली. "तीन-चार आठवडे पाठ केलेलं होतं ना. खाली पड, श्वास रोख. अंगात भिनलं होतं ते."

मी फोन स्पीकरवर टाकला. सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मग तुझा तो चमत्कारिक आवाज आठवला. चूक आहे, चूक आहे, असं दहा वेळा म्हणालीस. मी उभी राहिले. कोटाची दोन्ही टोकं धरून हात वर केले. आणि ओरडले."

"काय ओरडलात?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आधी नुसतं 'जा' म्हणाले. ते हललं नाही. मग वॉल्टरचं नाव घेतलं. म्हटलं, तुला तीन आठवडे खोकला होता आणि तू मला सांगितलं नाहीस. तुला माहीत होतं मी पार्किंगमध्ये उभी आहे, एकदा तरी हात हलवायचा होतास. चाळीस वर्षं मला खाली तंबूत बसवलंस, वर बसून कसं दिसतं ते कधी दाखवलं नाहीस. सगळं बोलले. शिव्या दिल्या. अशा शिव्या मी आयुष्यात दिल्या नव्हत्या."

"आणि अस्वल?"

"ते केव्हाच गेलं होतं, संहिता. मी त्यानंतरही ओरडत होते."

फोनमध्ये तिच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या, आणि मी त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते, कारण बघितलं असतं तर मीही सुरू झाले असते.

मग डोरोथीने नाक शिंकरलं आणि एकदम कामाचं विचारलं. हंगाम अजून महिनाभर आहे. तिला सोमवारी परत जायचंय. मुलगा पुन्हा नको म्हणतोय. हँक नाही, आता मी काय म्हणते?

"जा," मी म्हटलं. "पण त्या मचाणावर नको. एवढं ओरडून ठेवलंयस, तिथे आता आठवडाभर एक अस्वल फिरकायचं नाही. दुसरी जागा बघ."